द्राक्षपट्ट्यात रिसॉर्ट किती आणि बाग किती?

गिरणारेकर

नमस्कार मंडळी. दारू चांगली की वाईट यावर हा धागा नाही. त्यासाठी आधीचे धागे पडलेत, तिथे जाऊन भांडावं ही नम्र विनंती.

आमची शेती गंगापूर धरणाच्या वरच्या अंगाला, गिरणारे रस्त्यालगत. टोमॅटो आणि थोडी द्राक्षं. सुला वायनरीची पहिली वाइन २००० साली बाजारात आली, २००५ मध्ये त्यांनी लोकांना बसून चाखायची सोय केली. मुंबईहून माणसं गाडी काढून वेली बघायला येतील असं तेव्हा गावात कुणी म्हटलं असतं तर हसले असते. आली की! मग यॉर्क, सोमा या वायनरी आल्या, राहायच्या सोयी आल्या. इथवर तक्रार नाही. भावकीतली पोरं तिथेच नोकरीला आहेत, पगार वेळेवर होतो.

गेली काही वर्षं जे येतंय त्याचा द्राक्षाशी संबंध फक्त नावापुरता. 'वाइनयार्ड व्ह्यू' बंगल्यांचे प्लॉट, लग्नाची लॉन्स, रात्री दोनपर्यंत डीजे वाजवणारी फार्महाऊसं. ज्या बागेचा व्ह्यू विकतात ती बाग भलत्याचीच, आणि तोही सात-बारा घेऊन दलालाच्या ओट्यावर बसलेला. त्याने विकली की व्ह्यू गेला.

तर प्रश्न असा. पर्यटन चालू द्या, पण जिथे बाग आहे तिथेच आणि बागेच्या मापातच, असा नियम करता येतो का? कुठे केलाय का कुणी?

चहाबाज

पहिला! रविवारी आम्ही चौघं येतोय, त्या बाजूला जेवण कुठे चांगलं मिळतं?

निफाडचा बागायतदार

गिरणारेकर, राग मानू नका, पण तुमचा प्रश्न शहरातल्या माणसाला आवडेल असा आहे. बाग राखा म्हणे. कुणी राखायची? मी?

थोडा इतिहास सांगतो. २००१ मध्ये सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, विंचूरला वाइन पार्क काढला, तिकडे सांगली जिल्ह्यात पलूसला दुसरा. गावोगाव बैठका झाल्या. खाण्याची द्राक्षं काढून वाइनची लावा, करार करा, भाव ठरलेला. आमच्या वडिलांनीही लावली. २००९-१०च्या सुमारास मंदी आली, टाक्या भरलेल्या, आणि वायनरीवाले माल उचलेनात. वाइनचं द्राक्ष बाजारात नेऊन विकता येत नाही. मणी बारीक, बी मोठं, साल जाड, फुकट दिलं तरी कुणी खात नाही. आमच्याकडच्या किती जणांनी उभ्या बागेवर कुऱ्हाड घातली ते मी डोळ्याने पाहिलंय.

आज नाशिकची बहुतेक द्राक्षं खाण्याची आहेत, वाइनची त्यात चिमूटभर. आणि खाण्याच्या द्राक्षात काय चाललंय ते ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला की येऊन बघा. डावणी, घडकूज असे रोग, फवारणीवर फवारणी. अशा माणसाला रिसॉर्टवाला एकरकमी पैसे देतोय आणि तुम्ही म्हणता नियम करा. आधी बाग परवडेल याचा नियम करा.

सुमेधा कॉलेजरोड

निफाडकरांचं म्हणणं पटतं, पण शनिवारी संध्याकाळी गंगापूर रोडने घरी जाऊन दाखवा एकदा. आणि येताना गाडी चालवणाऱ्यांपैकी किती जण 'चाखून' आलेले असतात ते देवाला ठाऊक. रस्ता गावाचा, गर्दी महानगराची. रिसॉर्टला परवानगी देताना रस्त्याचा विचार कुणी केला असेल असं वाटत नाही.

नगररचना (निवृत्त)

मी या खात्यात आयुष्य काढलं, म्हणून थोडं लांबण लावतो.

शहराच्या हद्दीबाहेरच्या या गावांना बांधकामापुरती डिसेंबर २०२० ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे आणि परवानगीसाठी महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. नकाशात हिरवा रंग दिसला की लोकांना वाटतं, इथे आता शेतीच. तसं नसतं. शेती विभागातही शेतघर चालतं, शेतमालावर प्रक्रिया चालते, पर्यटनाची बांधकामं चालतात, प्रत्येकाला आपापल्या अटी. शिवाय पर्यटन खात्याचं २०२० चं कृषी पर्यटन धोरण आहे. किमान एक एकर शेती, जास्तीत जास्त आठ खोल्या.

आता मेख कुठे आहे बघा. या सगळ्या अटी बांधकाम मोजतात. क्षेत्र किती, चटई निर्देशांक किती, उंची किती, रस्ता किती रुंद. उरलेल्या जमिनीत काय उभं आहे हे बांधकाम परवानगीच्या कागदावर कुठेच विचारलं जात नाही. वेल असो, लॉन असो, नाहीतर पेव्हर ब्लॉक, नकाशा मंजूर. 'नाशिक व्हॅली'च्या वाइनला भौगोलिक मानांकन आहे, त्याने बाटलीवरचं नाव राखलं जातं. जमीन राखली जात नाही. गिरणारेकरांच्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे असा नियम आज नाही. करता येणारच नाही असं मात्र नाही.

मनमौजी

काका, तुम्ही नोकरीत असताना का नाही केला मग? 😀

नगररचना (निवृत्त)

मनमौजी, नोकरीत असताना आम्ही 'वरून आदेश नाही' असं लिहायचो. तेही नियमातच होतं.

उपसागरातली उमा

मूळची नाशिक रोडची, आता कॅलिफोर्नियात. नापा काउंटी, म्हणजे इथला वाइनचा जिल्हा, आमच्यापासून तासाभरावर, त्यामुळे पाहुणे आले की जावंच लागतं.

तिथे हा नियम आहे, आणि फार जुना. १९६८ मध्ये काउंटीने दरीतली शेतजमीन 'ॲग्रिकल्चरल प्रिझर्व्ह' म्हणून राखून ठेवली. अमेरिकेतलं तसं ते पहिलंच. जमिनीचा तुकडा २० एकरांपेक्षा लहान करायचा नाही, पुढे ती मर्यादा ४० एकर झाली. निफाडकर, तेव्हा विरोधाला काही शेतकरीच उभे होते, आणि त्यांचं म्हणणं अगदी तुमचंच होतं. आमची जमीन, आमचा भाव, तुम्ही कोण?

१९९० मध्ये वायनरी म्हणजे काय याची व्याख्याच कायद्यात केली. नव्या वायनरीला किमान १० एकर जमीन, ७५ टक्के द्राक्षं त्याच काउंटीतली, चाखायला यायचं तर आधी वेळ ठरवून. शेती विभागातल्या वायनरीत लग्नं नाहीत! पैसेवाले लोक लग्नासाठी शेजारच्या सोनोमात जातात. त्याच वर्षी मतदारांनी कौल दिला की शेतजमिनीचा वापर बदलायचा असेल तर निवडून आलेल्या मंडळींनी परस्पर बदलायचा नाही, लोकांचं मत घ्यायचं. २००८ मध्ये पुन्हा मतदान झालं आणि ती मुदत २०५८ पर्यंत वाढवली.

मनमौजी

लग्नाला बंदी? नाशिकमध्ये हा नियम आणला तर निवडणूक सोडा, आमदाराला स्वतःच्या पोरीचं लग्न कुठे करायचं हा प्रश्न पडेल.

निफाडचा बागायतदार

उमाताई, ४० एकर! आमच्या गावात सगळ्या भावकीचं मिळून तेवढं भरेल. तिकडचा नियम इकडे आणला तर फक्त कंपनीला परवानगी मिळेल. दोन एकरवाला पहिल्या दिवशीच बाहेर. आणि मला सांगा, तिकडे त्या बागेत राबणारा मजूर राहतो कुठे?

उपसागरातली उमा

दुखऱ्या जागीच बोट ठेवलंत. नापात घर घेणं मजुराला सोडा, शिक्षकालाही जमत नाही. कितीतरी लोक शेजारच्या काउंटीतून रोज ये-जा करतात. एक गोष्ट मात्र त्यांनी केली. हंगामी मजुरांसाठी तीन निवासकेंद्रं आहेत, आणि त्यांच्या खर्चासाठी बागमालक दर एकरामागे स्वतःवर कर लावून घेतात. पुरेसं नाही, पण आहे.

पेठवाला

मजुराचा विषय निघालाच आहे तर बोलतो. नाशिकच्या बागांत छाटणी, विरळणी, खुड्याला (घड तोडायला) येणाऱ्या टोळ्या आमच्या पेठ-सुरगाण्याच्या. माणसं प्लास्टिकच्या झोपडीत शेताच्या बांधावर राहतात. पाहुण्यांच्या खोलीत एसी, खुडा करणारीला न्हाणीघर नाही. पर्यटनाचा नियम लिहाल तेव्हा कामगाराच्या खोलीची अट त्यात घाला, मगच पुढची चर्चा.

दुसरं. दिंडोरी, इगतपुरी, त्र्यंबक आणि नाशिक तालुक्यातली बरीच गावं संविधानाच्या पाचव्या अनुसूचीत, म्हणजे आदिवासी क्षेत्रात येतात. तिथे आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला सरकारच्या परवानगीशिवाय जात नाही. कागदावर. प्रत्यक्षात दीर्घ मुदतीचे करार, भागीदारी, नोकराच्या नावावर घेतलेली जमीन, सगळे प्रकार पाहिलेत. आणि १९९६ चा पेसा कायदा ग्रामसभेला मादक पदार्थांच्या विक्रीवर आणि सेवनावर बंधन घालायचा अधिकार देतो. रिसॉर्टच्या बारसाठी ग्रामसभा भरली, असं आमच्या भागात तरी मी कधी ऐकलं नाही.

चहाबाज

फार महत्त्वाचा मुद्दा. (जेवणाचं कुणी सांगेल का?)

आजीची नात

पेठवाले दादा, ग्रामसभा भरवली तर बाया आडवी बाटली करून मोकळ्या होतील, म्हणूनच भरवत नसतील. आमच्या गावात देशीच्या दुकानासाठी मतदान झालं होतं. आजी काठी टेकत गेली होती आणि आल्यावर चार दिवस ऐटीत होती.

मनमौजी

देशी आडवी आणि वाइन उभी. न्याय आहे का हा?

संपादक

धागाकर्त्याने पहिल्याच ओळीत विनंती केली आहे. विषयाला धरून राहावे.

बॅरलमागचा

मी एका छोट्या वायनरीत काम करतो. नाव सांगत नाही, नाहीतर सगळे फुकट यायला बघतील.

इथे एक गैरसमज दिसतो. पर्यटन म्हणजे वायनरीची चैन, असा. मोठ्यांचं माहीत नाही, छोट्यांचं पर्यटनावरच पोट आहे. दुकानात फळीवर जागा मिळवायला वितरकाला काय द्यावं लागतं ते विचारू नका. दुसऱ्या राज्यात बाटली पाठवायची तर तिथलं उत्पादन शुल्क वेगळं, लेबलची नोंदणी वेगळी, जणू परदेशात निर्यात करतोय. जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने हजार चौरस फुटांहून मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकायची मुभा द्यायचं ठरवलं, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, विरोधकांनी 'मद्यराष्ट्र' म्हटलं आणि ते बारगळलं. बरोबर-चूक सोडा. परिणाम असा की बाटली गिऱ्हाइकाकडे जात नाही, म्हणून गिऱ्हाईक बाटलीकडे आणावं लागतं. दारात विकलेल्या बाटलीत जो पैसा सुटतो त्यावर छाटणीची मजुरी निघते.

सरकार २० टक्के व्हॅटपैकी १६ टक्के परत देतं, त्याचाही आधार आहे. पण तो परतावा हातात कधी पडेल यावर पैज लावू नये.

त्यामुळे नियम कडक करा, पण वायनरी आणि लग्नाचं लॉन यांना एकाच तराजूत घालू नका. आमचा शेजारी लॉनवाला आहे. त्याच्याकडे एक वेल नाही, कमानीवर प्लास्टिकचे घड लटकवलेत.

सुमेधा कॉलेजरोड

प्लास्टिकचे घड 😂 पाहिलेत मी. त्यांच्यासोबत फोटोही काढलाय.

पक्षीवेडा

मी वेगळाच सूर लावतो. बाग म्हणजे निसर्ग, असं सगळे गृहीत धरताय. बाग म्हणजे एकच पीक, तारा, खांब आणि भरपूर औषध. गंगापूरच्या काठावर हिवाळ्यात बदकं येतात. त्यांना रिसॉर्टचा प्रकाशझोत नको तसा फवारणीचा ब्लोअरही नको. निफाडकर, तुमच्याच तालुक्यात नांदूर मधमेश्वर पक्षी अभयारण्य आहे. २०२० मध्ये ते पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत आलं, महाराष्ट्रातलं पहिलं. त्याच्या वरच्या भागात सगळी द्राक्षंच.

उमाताई, नापात डोंगरावरच्या ओकच्या झाडीत बागा शिरू नयेत म्हणून मतदान झालं होतं ना?

उपसागरातली उमा

हो, २०१८ मध्ये. थोडक्यात हरलं.

दिंडोरीचा पाटकरी

पाण्याचं कुणीच बोलत नाही. गंगापूर धरण १९६५ मध्ये पूर्ण झालं, मातीचं धरण, आणि नाशिकचा मोठा भाग त्याचं पाणी पितो. त्याच्या काठावर जे बांधाल त्याचं सांडपाणी कुठे जाणार हा पहिला प्रश्न हवा. खोल्या किती हा नंतरचा.

आमच्याकडे वाघाड प्रकल्पावर शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था आहेत. पाणी घनमापनाने मोजून मिळतं, पाळी ठरलेली, शेवटच्या टोकालाही पोचतं. द्राक्ष तिथे त्यामुळेच वाढलं. दोन एकरवाला आणि वीस एकरवाला, दोघांनाही मीटर. मग पोहण्याच्या तलावाला पाळी कुठली? शेताच्या नावाने घेतलेलं पाणी पाहुण्यांच्या आंघोळीला वापरलं तर ते कोण मोजतं? आमच्या संस्थेत असा वाद झाला तेव्हा मालक म्हणाला, बोअरचं आहे. बोअर खालून कुठे जातो ते त्यालाच माहीत.

घरचा पाहुणचार

आमचं छोटं कृषी पर्यटन केंद्र आहे, खोल्या पाच. जेवण आई आणि वहिनी करतात. नोंदणीसाठी एका कार्यालयात गेलो तर तिथल्या बाईंनी विचारलं, 'हॉटेल आहे की शेती?' म्हटलं, दोन्ही. म्हणाल्या, 'एकच काय ते ठरवून या.' शेवटी झालं, पण वीजजोडणी शेतीची की व्यापारी यावर पुन्हा तोच खेळ. मोठ्या रिसॉर्टवाल्याकडे ही कामं करायला माणूस असतो. आमच्याकडे मी असतो, आणि त्या दिवशी दूध घालायचं राहतं.

चहाबाज, जेवायला आमच्याकडे या. खासगी निरोप टाका, मासवडी करतो.

चहाबाज

अखेर! या धाग्यावर माणुसकी शिल्लक आहे. येतोच.

मनमौजी

विषयांतर: नाशिकचं खरं कृषी पर्यटन वाइन नसून मिसळ आहे. मळ्यातली मिसळ, चुलीवरची मिसळ, बाजूला झोपाळा आणि उंट. उंटाचं प्रयोजन मला आजवर कळलेलं नाही. तीही सगळी शेतजमिनीवरच चालतात. त्यांना कुठला नियम लावणार?

निफाडचा बागायतदार

मिसळीला हात लावाल तर जिल्हा पेटेल.

आजीची नात

उंट लहान मुलांसाठी असतो. आमचा भाचा मिसळ खात नाही, उंटासाठी येतो. म्हणजे पर्यटनच झालं की.

गिरणारेकर

सगळं वाचलं. निफाडकर, तुमचा पहिला प्रतिसाद वाचून आधी चिडलो होतो, पण दोन एकरवाल्याचा मुद्दा सुटत नाही. नापासारखा किमान एकरांचा नियम आपल्याकडे चालणार नाही हे मान्य. मग उलटं करता येईल का? एकर किमान ठेवायचेच नाहीत. जेवढी वेल उभी, तेवढ्या खोल्या. दोन एकरवाल्याला चार खोल्या, वीस एकरवाल्याला जास्त, आणि वेल नसेल त्याला शून्य. वेल काढली की खोल्या बंद. त्याने बाग ठेवण्यातच पैसा राहील.

नगररचना (निवृत्त)

मला हाच धागा धरायचा होता. पीक मोजायची सोय आता आहे. ई-पीक पाहणी २०२१ पासून राज्यभर सुरू आहे, शेतकरी मोबाईलवरून स्वतः पीक नोंदवतो, फोटोसह. ती नोंद सात-बारावर येते. पर्यटनाच्या परवानगीचं दरवर्षी नूतनीकरण करायचं आणि त्याला त्या वर्षीची पीक नोंद जोडायची. नवं खातं नको, नवा साहेब नको.

बॅरलमागचा

काका, पुढे दोन ओळी वेली लावून मागे लॉन ठेवणारे निघतील. फोटो दोन ओळींचा.

दिंडोरीचा पाटकरी

मग फोटोबरोबर पाण्याचं मीटर बघा. लॉनचं पाणी आणि बागेचं पाणी वेगळं असतं. बागेला ठिबक असतं आणि खुड्याच्या आधी पाणी तोडतात. लॉन बारा महिने पितं. आकडे खोटं बोलले तर लगेच कळेल.

पेठवाला

आणि कामगारांच्या खोल्या. विसरू नका. पाहुण्यांच्या जेवढ्या खोल्या, त्या प्रमाणात टोळीला पक्का निवारा आणि संडास. पेसाच्या गावात ग्रामसभेचा ठरावही. ठराव म्हणजे सरपंचाची सही नव्हे.

सुमेधा कॉलेजरोड

रात्री दहानंतर आवाज बंद, हेही लिहा. तो नियम देशभर आहेच, फक्त गंगापूर रोडपर्यंत पोचलेला नाही.

पक्षीवेडा

धरणाच्या बाजूला तोंड केलेले दिवे नकोत. एवढं एक माझं.

निफाडचा बागायतदार

एक मोठी अडचण सांगतो. वेल काढली की खोल्या बंद म्हणता. बाग कायमची नसते. जुनी झाली, खोडकिडा लागला, गारपिटीने मोडली, की काढावीच लागते. नवी लावली की पहिला माल यायला दीड-दोन वर्षं. त्या दोन वर्षांत द्राक्षाचा पैसा नाही आणि तुम्ही खोल्याही बंद करणार? शेतकऱ्याला जेव्हा खोल्यांची सगळ्यात जास्त गरज तेव्हाच कुलूप?

गिरणारेकर

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. बरोबर आहे.

नगररचना (निवृत्त)

सवलत देता येईल. नवीन लागवडीची नोंद ई-पीक पाहणीत झाली असेल तर दोन हंगाम खोल्या चालू. लागवड नाही, नुसती मोडलेली बाग, तर नाही. मी मसुदा लिहायला घेतो. गिरणारेकर, तुमच्या आणि शेजारच्या गावांचे गट नकाशे मला पाठवा. प्रादेशिक योजनेच्या हरकती-सूचनांत नुसतं 'पर्यटनाला विरोध' लिहिलं तर फाईल तिथेच झोपते. गट क्रमांकांसकट लिहिलं तर निदान कुणाला तरी उत्तर द्यावं लागतं.

निफाडचा बागायतदार

दोन नाही, तीन हंगाम लिहा. पहिल्या वर्षी नुसतं जंगली खुंट लावतात, कलम नंतर भरतात. तलाठी येऊन म्हणेल, ही कसली बाग?

नगररचना (निवृत्त)

तीन लिहिले. वाइनच्या बागेलाही तेवढाच वेळ लागतो का, बॅरलमागचा?

बॅरलमागचा

बरा माल यायला थोडा जास्तच. पण तीन चालतील. उद्या आमच्या बागवाल्या काकांना विचारून सांगतो, ते सध्या खरड छाटणीत अडकलेत.